एका वेळी एकच टीव्ही

शनिवारी दुपारी आमच्या घरचा टीव्ही बंद राहायला लागला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

टीव्ही बंद ठेवणं हा काही गुन्हा नाही, हे मलाही कळतं. इंग्लंडात टीव्हीसाठी दरवर्षी पैसे भरून लायसन्स काढावं लागतं, पण ते टीव्ही लावण्यासाठी, बंद ठेवण्यासाठी नाही. सव्वीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून, ती लायसन्सं देताना मी लोकांना हेच सांगत आले. पण क्लिफर्ड, म्हणजे माझा नवरा, शनिवारच्या रग्बीसाठी जगणारा माणूस. आयुष्यभर हल शहरात बस चालवली, आता एकाहत्तर वर्षांचा झाला. केस गेले, गुडघे गेले, रग्बी गेली नाही. आमच्या लग्नात चर्चमध्ये तो एका कानात ट्रान्झिस्टरचा इअरफोन घालून उभा होता. पाद्र्याने प्रश्न विचारला तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो माझ्यामुळे की त्याच्या टीमने गुण घेतला म्हणून, हे मी आजवर त्याला विचारलेलं नाही.

असा माणूस ईस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी अडीचला पाच मिनिटं कमी असताना खुर्चीतून उठला, टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन रेडिओवर सामना ऐकत बसला. समोर चित्रांचे तुकडे जोडायचं ते कोडं.

"टीव्ही बिघडलाय का?" मी विचारलं.

"नाही गं. डोळे दुखतात."

"डोळे दुखतात आणि हजार तुकड्यांचं कोडं सोडवतोस?"

"ते जवळचं असतं," तो म्हणाला आणि आभाळाचा एक निळा तुकडा हातात घेऊन उगाच फिरवत बसला.

तेवढ्यात दिवाणखान्यातला फोन वाजला. दोनदा वाजला आणि बंद झाला. मी तिथवर पोचलेसुद्धा नव्हते. साडेचारला पुन्हा तेच. दोनदा वाजला, बंद. पुढच्या शनिवारी अडीचला दोनदा, साडेचारला दोनदा. तिसऱ्या शनिवारी मी अडीचच्या आधीच फोनशेजारी विणकाम घेऊन बसले आणि पहिल्या घंटीला हात पुढे केला, तर क्लिफर्ड दारातून म्हणाला, "राहू दे, चुकीचा नंबर असेल." न उचललेल्या फोनचा नंबर चुकीचा आहे हे याला कसं कळलं? मी तसं विचारलं, तर म्हणाला, "चहा टाकू का?" ताकास तूर लागू देईना.

आता थोडं कॅरव्हानचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. विदर्नसी गावाला समुद्राच्या कड्यावर एका कॅम्पमध्ये आमची कॅरव्हान आहे. नावाला चाकांवरचं घर, पण ती बत्तीस वर्षांत तसूभर हललेली नाही. पूर्वी आम्ही दोघंही जायचो. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या पायरीवरून पडले आणि तिथल्या वाऱ्याला कायमचा रामराम ठोकला. क्लिफर्ड मात्र दर मंगळवारी जातो. गवत कापायला, रंग लावायला. यंदा ऑगस्टमध्ये मीच म्हटलं, चल, आठवडाभर जाऊ, तर म्हणाला, छत गळतंय. सप्टेंबरमध्ये म्हटलं, तर अजून गळतच होतं. एवढं गळणारं छत आणि हा माणूस डांबराचा एक डबा विकत घेत नाही.

मग मला गरम पाण्याची रबरी पिशवी दिसली. मंगळवारी निघताना त्याच्या झोळीत होती. वर लोकरीचं कव्हर, आणि तेही मीच विणलेलं. बरोबर आल्याचा केक, चांगला अर्धा. क्लिफर्डला आलं चालत नाही. त्याच्या घशाशी येतं.

मी हे शेजारच्या ॲव्हरिलला सांगितलं. सांगायला नको होतं. तिचा नवरा हॅरोल्ड गेल्यापासून तिला दुसरं काम नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा तिचा दिनक्रम.

"बाई आहे," ॲव्हरिल कुंपणावर कोपर टेकवून म्हणाली.

"एकाहत्तराव्या वर्षी?"

"गरम पाण्याची पिशवी कोण मागतं? बाईच. पुरुषाला पाय गार पडले तरी कळत नाहीत. माझ्या हॅरोल्डला शेवटपर्यंत कळले नाहीत."

"क्लिफर्ड नाकासमोर चालणारा माणूस आहे."

"नाकासमोरच आहे गं. विदर्नसी सरळ नाकासमोर येतं."

मी घरात आले आणि जोरात दार लावलं. पण बोलणं डोक्यातून जाईना.

त्या आठवड्यात मी परीक्षा घ्यायची ठरवली. शनिवारी पावणेतीनला क्लिफर्ड कचऱ्याचा डबा घेऊन मागच्या गल्लीत गेला होता. मी टीव्ही लावला. आवाज थोडा मोठाच ठेवला. क्लिफर्ड दहा वर्षांत पळाला नव्हता, तो त्या दिवशी पळाला. डबा गल्लीतच टाकून आत आला, थेट टीव्हीकडे गेला आणि बटण बंद केलं. कपाळावर घाम.

"आत्ता नको, नोरीन."

"का?"

"आत्ता नको. साडेचारनंतर लाव. रात्रभर बघ हवं तर."

"साडेचारला काय बदलतं?"

"काही नाही," तो म्हणाला. आणि हा माणूस खोटं बोलतो तेव्हा आपल्याच बुटांकडे बघतो. त्या दिवशी तर त्याने पायात सपाता घातल्या होत्या, तरी बघत होता.

संध्याकाळी बटाटे सोलताना माझ्या डोक्यात उजेड पडला. हातातली सुरी तशीच राहिली.

ॲव्हरिलला हे कळलं नसतं. आमच्या गल्लीतल्या कुणालाच नसतं. त्यासाठी पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली बाईच हवी. नियम असा आहे: घराला लायसन्स असलं की तेच तुमच्या कॅरव्हानलाही चालतं, दुसरं काढावं लागत नाही. अट एकच. दोन्हीकडे एकाच वेळी टीव्ही लावायचा नाही. तसं लिहून द्यावं लागतं. लोक सही करतात, हसतात आणि विसरतात. नवरा तिकडे बघतो, बायको इकडे बघते, कोण विचारतंय. क्लिफर्डने ती सही माझ्याच खिडकीवर, माझ्याच समोर केली होती, प्रत कॅरव्हानच्या गादीखाली जपून ठेवली होती, आणि सबंध इंग्लंडात ती पाळणारा तो एकटाच असावा. पूर्वी तो तिकडे एकटा असला की फोन करायचा. "नोरीन, मला बातम्या बघायच्यात. तुझा बंद करशील का?" मी बंद करायचे. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. "झालं. लाव तुझा."

तेव्हा शनिवारी अडीच ते साडेचार आमच्या घरचा टीव्ही बंद असतो, याचा अर्थ तेवढा वेळ तिकडचा चालू असतो. आणि क्लिफर्ड तर इकडे माझ्या स्वयंपाकघरात बसलेला. मग तिकडे कोण आहे?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. बायकोला फसवताना लाज वाटली नाही, पण लायसन्सचा नियम मोडवेना. खरं सांगते, मला त्या क्षणी बाईपेक्षा याचाच राग जास्त आला. माझ्यापेक्षा त्या कागदाशी हा जास्त इमानदार. सत्तेचाळीस वर्षांचा संसार होता माझा, आणि तो एका बंद टीव्हीवरून हातातून चालला होता. रडू आलं. बटाटे खारट झाले असतील तर ते त्यामुळे.

माझा संशय सहसा चुकत नाही, हेही सांगून ठेवते. अकरा वर्षांपूर्वी क्लिफर्डचा धाकटा भाऊ रॉयस्टन एक हिवाळा आमच्या मागच्या खोलीत राहायला होता. त्याच हिवाळ्यात माझ्या आईचा ब्रोच कपाटातून नाहीसा झाला. व्हिटबीचा काळा दगड, कडेने चांदी. घरात तिसरा माणूस एकच. मी त्याला तोंडावर विचारलं. तो काही बोलला नाही. पिशवी भरली, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. जो भांडत नाही तोच चोर, असं मी क्लिफर्डला म्हटलं. त्यावर क्लिफर्डही भांडला नाही. त्यानंतर आमच्या घरात रॉयस्टनचं नाव निघालं नाही. पण तो विषय वेगळा. आत्ता नको.

पुढच्या शनिवारी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मी जेवण लवकर उरकलं आणि क्लिफर्डला म्हटलं, "ॲव्हरिलकडे जाते. तिच्या पडद्यांना शिवण घालायचीय."

"जा की," तो म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

ॲव्हरिल दाराशीच होती. तिला मी खरं सांगितलं होतं, कारण कुणीतरी माझ्यासाठी खोटं बोलायला हवं होतं. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा निळा कोट? सवतीला भेटायला?"

"थंडी आहे."

"हॅरोल्डच्या मयतीलाही हाच घालून आली होतीस. बायका विचारत होत्या. तुझा तो चांगला काळा कोट काय कसरीने खाल्ला?"

"जड होतो आता," मी म्हटलं आणि बस पकडली.

बस तासभर घेते. सपाट शेतं, मधूनच एखादं चर्च. मी सगळा वेळ त्या बाईला काय म्हणायचं त्याची जुळवाजुळव करत होते. शेवटी ठरवलं की आवाज चढवायचा नाही. एवढंच म्हणायचं: पडदे मी शिवलेत, भांडी माझी आहेत आणि तू ज्या गादीवर बसली आहेस तिच्याखाली माझ्या नवऱ्याच्या सहीचा कागद आहे. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते पुटपुटले, आणि पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून बघायला लागला.

कॅम्प अर्धा रिकामा झाला होता. महिनाअखेरीस तो बंद होतो, मग मार्चपर्यंत तिथे कुणाला राहू देत नाहीत. आमची एकतीस नंबरची कॅरव्हान कडेला आहे. लांबूनच मला रग्बीचा आवाज ऐकू आला. घड्याळ बघितलं, तीन वाजून दहा मिनिटं. छताकडे बघितलं. छत ठणठणीत होतं.

मी दार वाजवलं नाही. खिडकीपाशी गेले. माझ्या पडद्याच्या फटीतून आधी दिसली ती रबरी पिशवी, कुणाच्या तरी छातीवर धरलेली. मग एक हाडकुळा हात. मग गळ्यातला लाल-पांढरा मफलर, क्लिफर्डचा जुना. मग तोंड वळलं.

रॉयस्टन होता.

आधी मला हायसं वाटलं. बाई नव्हती. संसार होता तिथेच होता. ते हायसं वाटणं फार तर दोन श्वास टिकलं असेल. मग मी ज्या पायरीवरून पडले होते तिचाच कठडा धरून उभी राहिले. या माणसापासून लपवण्यासारखं माझ्यापाशी जे होतं, ते आठवलं.

त्याने मला काचेतून बघितलं होतं. दार उघडलं.

"ये," तो म्हणाला, आणि आपल्याच शब्दाला दचकला. "म्हणजे, तुमचंच आहे."

मी आत गेले. सगळं जिथल्या तिथे होतं, माझ्यापेक्षा नीट. तो अकरा वर्षांत वीस वर्षांनी म्हातारा झाला होता. आणि मी काय विचारलं? पोस्टातली सवय, दुसरं काही सुचलंच नाही.

"लायसन्स आहे का?"

"क्लिफर्ड म्हणाला, तुमचा बंद असला की इकडे चालतो," रॉयस्टन म्हणाला. "लावायच्या आधी मी दोनदा रिंग देतो, बंद केला की पुन्हा दोनदा. एकदाही चुकलो नाही, नोरीन. बाकी आठवडाभर मी लावतच नाही. फक्त सामना."

"ते आम्ही इथे सुट्टीला आलो तर. तू कधीपासून आहेस?"

"गुड फ्रायडेपासून."

"म्हणजे तू इथे राहतोस. राहतोस म्हटल्यावर हे तुझं घर, आणि घर ज्याचं, लायसन्स त्याने काढायचं. आमचं इथे चालत नाही. क्लिफर्डला अर्धाच नियम माहीत आहे."

त्याने वाद घातला नाही. वाकून भिंतीतली पिन काढली. टीव्ही मधेच गेला. वायर हातात धरून तो मला दाखवत होता, झालं बघ, आता नाही. मग पलंगाखालून पिशवी ओढली आणि तिच्यात कपडे भरायला लागला. तीच पिशवी होती. अकरा वर्षांपूर्वीची, एक बंद तुटलेला.

"काय करतोस?"

"निघतो. चारची बस मिळेल."

"जाणार कुठे?"

"बघतो." त्याला खोकला आला, तो थांबेपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं. "गूल गावी ज्यांच्याकडे राहत होतो त्यांनी घर विकलं. नगरपालिकेने खोली कबूल केलीय, पण ती नोव्हेंबरपासून. तू क्लिफर्डला बोलू नकोस. त्याला मीच गळ घातली. तो म्हणत होता, नोरीनला सांगू. मीच म्हटलं, नको."

तो शर्टाची घडी घालत होता. चार शर्ट असतील. घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"तुझ्या आईचा तो ब्रोच. मिळाला का गं पुढे?"

तो टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. टोमण्याला टोमणा मला येतो. पण त्याने हे, शेजारणीची हरवलेली मांजर मिळाली का, तसं विचारलं होतं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी खुर्चीवर बसले.

"मिळाला."

"हो? कुठे?"

"माझ्या काळ्या कोटात. खिसा फाटला होता, अस्तरात गेला होता."

"कधी?"

खोटं बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. गेल्या महिन्यात म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"साडेतीन वर्षं झाली," मी म्हटलं.

रॉयस्टन पलंगाच्या कडेला बसला. शर्ट मांडीवर. त्याची कॉलर अंगठ्याने सरळ करत राहिला. बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

"बरं झालं," तो शेवटी म्हणाला. "आईची वस्तू होती." मग थोड्या वेळाने: "मध्ये मध्ये मलाच वाटायला लागलं होतं, की घेतला की काय मी. माणूस एकटा राहिला की असं होतं. रात्री उठून पिशवी तपासायचो."

आयुष्यात मला कुणी शिव्या दिल्या नाहीत असं नाही. पोस्टाच्या खिडकीवर तर रोज. पण त्या दिवशी त्या कॅरव्हानमध्ये मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. मी माफी मागितली. शब्द काय वापरले ते आठवत नाही. तो "असू दे" म्हणाला, ते मात्र आठवतं.

मग मी त्याचा मोबाइल मागितला आणि घरी फोन लावला. एकदा वाजला. दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तसा क्लिफर्डने झडप घालून उचलला.

"काय झालं रे? बरा आहेस ना?"

"इकडचा बंद केलाय," मी म्हटलं. "तू तुझा लाव."

 स्वयंपाकघरातला रेडिओ तेवढा ऐकू येत होता. 

"नोरीन," तो म्हणाला.

"घरी आल्यावर बोलू," मी म्हटलं आणि ठेवला.

रॉयस्टन पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी उठले, पिशवी घेतली, शर्ट पुन्हा खणात ठेवले. मोठेपणाने म्हटलं, "घरी चल. मागची खोली रिकामीच आहे. एका घरातली माणसं कितीही टीव्ही लावोत, लायसन्स एकच पुरतं."

मला वाटलं, त्याचे डोळे भरून येतील. त्याने मान हलवली.

"नको, नोरीन. उद्या तुझं काही हरवलं तर मी कुठे जाऊ?"

रागाने म्हणाला नाही. पाऊस येईल का, अशा आवाजात म्हणाला.

"हरवणार नाही."

"हरवतं गं. माणसांचं हरवतंच." त्याने रबरी पिशवी पुन्हा छातीशी धरली. "मला माझं वेगळं काढून दे. माझ्या नावाचं. पैसे आहेत माझ्याकडे, कसं काढायचं ते कळत नाही. दुसऱ्याच्या लायसन्सवर टीव्ही बघितला, एवढं आणखी माझ्या नावावर नको."

मी पर्समधून पेन काढलं. त्याचं पूर्ण नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. इतकी वर्षं दीर होता, जन्मतारीख मला माहीत नव्हती. पत्ता, एकतीस नंबर. सांगितलं की सोमवारी फोन करून मी ते काढीन, आणि नोव्हेंबरात खोली मिळाली की तेच लायसन्स नव्या पत्त्यावर नेता येतं, माणसाबरोबर जातं. ते ऐकून तो पहिल्यांदा हसला.

"माझ्याबरोबर येतं?"

"येतं."

"हे बरंय," तो म्हणाला.

घरी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. क्लिफर्ड दिवाणखान्यात बसला होता आणि टीव्ही बंद होता.

"लाव म्हटलं होतं ना?"

"एकट्याला बघवेना."

मी वर गेले. बटणांच्या डब्यात, सगळ्यात खाली, रुमालात गुंडाळून ब्रोच ठेवला होता. निळ्या कोटाला लावला आणि कोट न काढताच खाली आले. क्लिफर्डने बघितलं. काळा दगड, चांदीची कडा. ओळखायला त्याला वेळ लागला नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला,

"अस्तरात होता ना?"

मी त्याच्यासमोर बसले.

"हॅरोल्डच्या मयतीला तू निळा कोट घातलास," क्लिफर्ड म्हणाला. "मयतीला तू निळा घालशील? माझ्या आईच्या मयतीला मी करडा टाय लावला तर बदलायला लावलास. तू फुलं आणायला गेलीस तेव्हा मी काळ्याचा खिसा चाचपला. अस्तर उसवून पुन्हा शिवलेलं होतं. बारीक टाके. तुझेच."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

"साडेतीन वर्षं?"

"बसवाला आहे मी," तो म्हणाला. "थांबायची सवय असते." आणि बुटांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

सहा महिने मी या माणसावर पाळत ठेवत होते, आणि हा साडेतीन वर्षं माझ्यावर. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवत होतं आणि मी दुसऱ्याचा घसा तपासत होते.  त्याने उठून चहा केला, आणि माझ्या कपात साखर घालायला विसरला नाही.

साडेसहाला त्याने वर्तमानपत्र उघडलं.

"सामना सातला पुन्हा दाखवतायत," तो म्हणाला. "सबंध."

रॉयस्टनने शेवटचा सव्वा तास बघितला नव्हता. माझ्यामुळे. क्लिफर्डने रेडिओवर अर्धा ऐकला होता आणि अर्धा माझ्या फोनने घालवला होता. दोघांनाही शेवट माहीत नव्हता.

सातला पाच कमी असताना क्लिफर्डचा हात रिमोटकडे गेला. मी उठले, टीव्हीमागे वाकले आणि भिंतीतली पिनच काढली.

"पण तूच म्हणालीस ना, तो तिथे राहतो," क्लिफर्ड म्हणाला. कॅरव्हानमध्ये काय घडलं ते माझं त्याला सांगून झालं होतं. "म्हणजे आपला बंद ठेवून उपयोग नाही. हे नियमात बसतं का?"

"नाही बसत," मी म्हटलं.

सव्वीस वर्षांत मी एकाही माणसाला सोमवारपर्यंत सवलत दिली नव्हती. फोन जवळ ओढला, रॉयस्टनचा नंबर क्लिफर्डला विचारून फिरवला, दोनदा वाजू दिला आणि ठेवला. मग आम्ही दोघं बंद टीव्हीसमोर बसून राहिलो.

मिनिटभराने आमचा फोन वाजला. दोनदा वाजला आणि बंद झाला.